‘पोर्शन किती आहे?’ – जीसीएसई इंग्लिशबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी मी सहज लिहिलं होतं की मुलांच्या जीसीएसई इंग्लिशबद्दल (जीसीएसई म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटी, साधारण सोळाव्या वर्षी देतात ती आपल्या दहावीसारखी परीक्षा) काही अडत असेल तर विचारा, तर एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळी सगळी जागा यालाच दिलीय. मी इंग्लंडमधल्या एका सरकारी सेकंडरी शाळेत चौदा वर्षं इंग्लिश शिकवतेय, मधे काही उन्हाळे बोर्डाचे पेपरही तपासलेत, पण शिकले मात्र एसएससी बोर्डात, त्यामुळे आपल्याकडच्या आईबाबांच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं ते मला बरोबर कळतं. खाली जे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडची परीक्षाच वेगळी, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचंही आपापलं. आणि बोर्ड मी एक्यूए धरलंय कारण पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तेच निघालं. तुमचं एडेक्सेल, ओसीआर किंवा एड्युकास असेल तर मार्कांची वाटणी बदलते. बोर्ड कुठलं ते शाळेला विचारा, मुलांना पुष्कळदा माहितीच नसतं.

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून स्लाऊला आलो. मुलगी आता इयर टेनमध्ये आहे. तिकडे सातवीपर्यंत इंग्लिश मीडियमला होती, इंग्लिशमध्ये कायम नव्वदच्या वर. इथे रिपोर्टमध्ये इंग्लिश दोनदा लिहिलंय, लँग्वेजला ४ आणि लिटरेचरला ५. पॅरेंट्स इव्हनिंगला सरांना विचारलं पुस्तक कुठलं, पोर्शन किती, तर म्हणाले लँग्वेजला पुस्तक नसतं. मग अभ्यास घेऊ कशाचा? सगळे सांगतात वाचन वाढवा. ती वाचतेच हो, रात्री लाइट बंद करायला सांगावं लागतं. – एक आई, स्लाऊ

सरांनी खरं तेच सांगितलं, फक्त अर्धवट सांगितलं. लँग्वेज आणि लिटरेचर हे दोन वेगळे विषय आहेत, दोन वेगळे ग्रेड (९ सगळ्यात वरचा, १ सगळ्यात खालचा, ४ म्हणजे पास), मिळून चार पेपर. लिटरेचरला पुस्तकं ठरलेली असतात, ती वर्गात शिकवतात, तिथे आपल्याला ओळखीचं वाटतं. लँग्वेजला मात्र परीक्षेत जो उतारा येतो तो मुलीने आयुष्यात पाहिलेला नसतो आणि तो कुठून येणार हे आम्हालाही ठाऊक नसतं. म्हणून ‘२१ अपेक्षित’ हा प्रकार इथे चालतच नाही.

लँग्वेजचा पेपर कसा असतो ते आधी नीट बघून घ्या, कारण पेपर कळला की अर्धी भीती जाते. दोन पेपर, प्रत्येक पावणेदोन तासांचा, प्रत्येक ८० मार्कांचा. पहिल्यात एका कथेचा किंवा कादंबरीचा तुकडा असतो, विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातला. त्यावर चार प्रश्न, ४, ८, ८ आणि २० मार्कांचे: माहिती शोधा, भाषेबद्दल लिहा, रचनेबद्दल लिहा, आणि शेवटचा एका मताशी तुम्ही किती सहमत ते उताऱ्यातले दाखले देऊन सांगा. मग पाचवा प्रश्न सरळ ४० मार्कांचा, वर्णन किंवा गोष्ट लिहायची. दुसऱ्या पेपरात कथा नाही, दोन लेख असतात, त्यातला एक एकोणिसाव्या शतकातला हमखास, त्यावर ४, ८, १२, १६ असे प्रश्न आणि परत ४० मार्कांचं लेखन, या वेळी एखाद्या विषयावर आपलं मत मांडायचं, लेख, पत्र, भाषण असं काहीतरी.

आता बेरीज करा. १६० पैकी ८० मार्क लिहिण्याचे. आणि त्या ८० मधले ३२ फक्त स्पेलिंग, विरामचिन्हं, वाक्यरचना आणि शब्द यांचे, म्हणजे पूर्ण विषयाच्या वीस टक्के. तुमची मुलगी रात्री उशिरापर्यंत वाचत असते ते फार चांगलं, पण लिहिते किती? मला दर वर्षी एकदोन मुली अशा भेटतात, ढीगभर वाचलेल्या, आणि पंचेचाळीस मिनिटांत दीड पान धड लिहिता येत नाही, कारण लिहायची सवयच नाही.

तर पोर्शन कुठाय? पोर्शन आहे, पण तो धड्यांचा नाही, कौशल्यांचा आहे. बोर्डाच्या साइटवर स्पेसिफिकेशन नावाचं पीडीएफ फुकट मिळतं, त्यात असेसमेंट ऑब्जेक्टिव्ह म्हणून यादी असते, शाळेत सगळे एओ वन, एओ टू म्हणतात. हाच सिलॅबस, बाकी काही नाही. एओ वन म्हणजे मजकुरातली उघड आणि आडून सांगितलेली माहिती पकडणं आणि दोन मजकुरांतली एकत्र करणं, एओ टू म्हणजे लेखकाने शब्द आणि रचना कशी वापरली आणि त्याने काय झालं, एओ थ्री म्हणजे दोन मजकुरांची तुलना, एओ फोर म्हणजे मूल्यमापन, पाच आणि सहा लेखनाचे. घाबरू नका, यातलं एओ टू तुम्ही स्वतः शाळेत केलंय. कवितेचं रसग्रहण! आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आठवतंय का? तेच.

फक्त आपण रसग्रहणात जे करून सुटायचो ते इथे चालत नाही. आपण लिहायचो ‘येथे कवीने उपमा अलंकार वापरला आहे, त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते’, झालं, दोन मार्क. इथली मुलंही हेच करतात, ‘हिअर द रायटर यूझेस अ सिमिली विच मेक्स द रीडर वाँट टू रीड ऑन’, आणि तपासताना हे वाक्य शंभराव्यांदा समोर आलं की खरं सांगते चहा प्यायला उठावंसं वाटतं. अलंकाराचं नाव सांगून काहीच होत नाही. या शब्दाने इथे काय केलं ते लिहायचं असतं.

एक उदाहरण देते, मुद्दाम मराठीत. समजा उतारा असा आहे: ‘दार वाजलं. आजीने कंदील विझवला आणि आम्हाला जवळ ओढलं.’ आता विचारा मुलीला, यातून काय कळतं? पहिलं उत्तर येईल, भीती वाटतेय. बरोबर, पण एवढ्यावर खालची लेव्हल. मग विचारा, कशावरून? दार वाजल्यावर माणूस दिवा लावतो, हिने विझवला. म्हणजे बाहेर कोण आहे हे तिला माहितीये, किंवा निदान घरात कुणी नाहीये असं बाहेरच्याला वाटावं अशी तिची इच्छा आहे. आणि पहिलं वाक्य दोनच शब्दांचं, दार कुणी वाजवलं ते नाहीच, वाजवणारा गायब आहे, म्हणून धोका मोठा वाटतो. आणि सांगणारं मूल काही समजावत नाही, आजी काय करते एवढंच बघतं, म्हणजे त्याला अजून कळलेलं नाही आणि आपल्याला कळलंय. हे लिहिलं की वरची लेव्हल. एकाही अलंकाराचं नाव घेतलं नाही बघा.

लेव्हल म्हणजे काय तेही सांगते. आठ मार्कांच्या भाषेच्या प्रश्नाला बरोबर मुद्द्याला एक मार्क असं गणित नसतं. चार पायऱ्या असतात, उत्तर कुठल्या पायरीवर बसतं ते बघतात. खालून पहिली साधी-तुटपुंजी, दुसरी थोडीफार समज, तिसरी स्पष्ट, चौथी बारकाईची. म्हणून सात मुद्दे वरवर लिहिणाऱ्या मुलापेक्षा दोन मुद्दे खोदणाऱ्याला जास्त मिळतात, आणि इथेच आपल्याकडून आलेली हुशार मुलं फसतात, कारण त्यांना वाटतं जेवढं जास्त तेवढं बरं, पुरवणी घेतली म्हणजे पेपर चांगला गेला. मार्क स्कीमही साइटवर फुकट असतात. गाईड विकत घेण्याआधी ते वाचा, खरंच, एका रविवारी चहाबरोबर वाचून होतील.

लेखनाचं सांगायचं तर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध पहिल्या पेपरच्या पाचव्या प्रश्नाला बऱ्यापैकी जवळचा आहे, पण आपण त्यात सगळं कोंबायचो, काळे ढग, बेडूक, शेतकरी, इंद्रधनुष्य, भजी. इथे भजी तळणाऱ्या कढईवर अख्खा परिच्छेद लिहिला तर चालतं, उलट तेच हवं असतं. एक जागा, एक क्षण, हळूहळू. मोठमोठे शब्द पेरायची सवय घालवा, ‘सिन्स टाइम इम्मेमोरिअल’ने लेख सुरू करू नका, आणि आधी पाच मिनिटं प्लॅन करायला लावा. वाक्य कधी लांब कधी तीन शब्दांचं, हे मुद्दाम करायला सांगा. वेळ: पेपरवरच सुचवलेलं असतं की साधारण पंधरा मिनिटं उतारा आणि प्रश्न वाचण्यात घालवा, लेखनाला पंचेचाळीस मिनिटं राखा. चौथ्या प्रश्नात रमून लेखनाला वीस मिनिटं उरली की गेला ग्रेड.

घरी एवढंच करा: आठवड्यातून एकदा एक उतारा, एक आठ मार्कांचा प्रश्न, बारा मिनिटं घड्याळ लावून, आणि एकदा पंचेचाळीस मिनिटांचं लेखन. वाचनात थोडे एकोणिसाव्या शतकातले लेख, प्रवासवर्णनं, पत्रं घाला, कारण ती पाच ओळींची वाक्यं पहिल्यांदा परीक्षेतच दिसली तर पोरं गांगरतात. आणि जेवताना मराठीतलं एखादं वाक्य घेऊन वर केलं तसं करा, डोकं तेच वापरायचं असतं, भाषा कुठली का असेना.

जाता जाता, शाळेत एक छोटं भाषणही होईल, त्याला स्पोकन लँग्वेज म्हणतात. पास, मेरिट, डिस्टिंक्शन असा शेरा वेगळा छापून येतो, ९ ते १ च्या ग्रेडमध्ये धरत नाहीत. त्यासाठी रात्री जागू नका.

नमस्कार. माझा मुलगा इयर इलेव्हनला आहे. लिटरेचरला मॅकबेथ, अ ख्रिसमस कॅरोल, ॲन इन्स्पेक्टर कॉल्स आणि पंधरा कविता. पुस्तक परीक्षेत नेता येत नाही म्हणे! त्याने प्रत्येक पुस्तकाची साठ-साठ कोटेशन कार्डांवर लिहिलीत आणि घोकत बसतो. शिवाय शेक्सपिअरच्या काळाची माहिती पाठ करतोय. मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, तरी ५ च. एवढी घोकंपट्टी करून उपयोग का होत नाही? – एक बाबा, मिल्टन कीन्स

बाबा, पोरगा मेहनती आहे, फक्त मेहनत चुकीच्या खात्यात जमा होतेय.

२०१५ पासून शिकवायला लागले आणि २०१७ ला पहिल्यांदा परीक्षा झाली त्या नव्या पद्धतीत परीक्षेत पुस्तक नेणं बंद झालं, कोर्सवर्क (वर्षभरात केलेल्या कामाचे मार्क) गेलं, हुशार मुलांचा पेपर वेगळा आणि बाकीच्यांचा सोपा हेही गेलं, सगळ्यांना एकच पेपर. लिटरेचरचा पहिला पेपर पावणेदोन तास, ६४ मार्क, त्यात शेक्सपिअर आणि एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, म्हणजे तुमचं मॅकबेथ आणि ख्रिसमस कॅरोल. दुसरा सव्वादोन तास, ९६ मार्क, त्यात आधुनिक नाटक (तुमचं इन्स्पेक्टर कॉल्स), शिकवलेल्या कविता आणि न पाहिलेल्या कविता.

पुस्तक नसलं तरी पहिल्या पेपरात दोन्ही प्रश्नांना उतारा छापलेला असतो! तिथून सुरुवात करून मग अख्ख्या नाटकाबद्दल किंवा कादंबरीबद्दल बोलायचं असतं. म्हणजे निम्मी कोटेशन समोरच आहेत. कवितेलाही एक छापलेली असते, तिची तुलना आठवणीतल्या दुसऱ्या एकीशी करायची. पूर्ण आठवणीवर असतो तो इन्स्पेक्टर कॉल्सचा प्रश्न. आणि मार्क स्कीममध्ये लिहिलेलं असतं ते ‘रेफरन्स’, म्हणजे अवतरणच हवं असं नाही, ‘मेजवानीत बँकोचं भूत खुर्चीत बसलेलं दिसतं तेव्हा’ एवढं म्हटलं तरी तो दाखला झाला. साठ कार्डांतली दहा ठेवा, तीनचार शब्दांची, अशी की ज्यांचा तीन-चार प्रश्नांना उपयोग होईल. बाकीची ड्रॉवरमध्ये जाऊ देत.

आता ती काळाची माहिती. तीस मार्कांचा एक निबंध धरा: १२ मार्क तुमच्या मुद्द्याला आणि दाखल्यांना, १२ भाषा-रचना-प्रकाराला, आणि संदर्भाला, ज्याला शाळेत कॉन्टेक्स्ट म्हणतात, ६. फक्त ६. त्यातही जेम्स राजा कधी गादीवर आला हे सुटं सांगून मिळत नाही, चेटकिणींवर त्या काळी लोकांचा खराखुरा विश्वास होता म्हणून पहिल्याच प्रवेशात प्रेक्षकांच्या पोटात गोळा आला असेल, असं मजकुराला चिकटवून सांगावं लागतं. आमच्या शाळेतल्या एका मुलाने शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डमधल्या घरापासून सुरुवात केली होती, दीड पान झालं तरी मॅकबेथ काही येईना. आणि न पाहिलेल्या कवितांना तर कॉन्टेक्स्टचे मार्कच नाहीत, तिथे २४ आणि ८ मार्कांचे दोन प्रश्न, दोन्ही निव्वळ वाचन आणि भाषा. तरी मुलं कवीच्या बालपणाबद्दल अंदाज लिहितात. आपल्याकडचं ‘कवी परिचय’ पाठ करण्याचं वळण, दुसरं काय.

मॉकमध्ये ५ का, हे त्याचा निबंध बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण पैजेवर सांगते, परिच्छेदांची सुरुवात गोष्ट सांगण्याने होत असेल. ‘मग मॅकबेथ घरी येतो, मग त्याची बायको म्हणते…’ असं. त्याऐवजी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य प्रश्नाचं उत्तर असायला हवं. प्रश्न असेल महत्त्वाकांक्षेवर, तर पहिल्या वाक्यात महत्त्वाकांक्षेबद्दल त्याचं मत, मग दाखला, मग शब्दावर बारीक काम.

आणखी एक, हसू नका, दर वर्षी होतं. पेपरच्या बुकलेटमध्ये यादीतल्या सगळ्या नाटकांचे आणि कादंबऱ्यांचे प्रश्न छापलेले असतात, आणि पोरं घाबरून भलत्याच नाटकाचा प्रश्न सोडवायला घेतात. शेक्सपिअरला पर्याय नसतो, आपल्या नाटकावर एकच प्रश्न. दोनातला एक निवडा हे फक्त आधुनिक नाटकाला. हे त्याला आधीच ठाऊक असलं म्हणजे पानं उलटत बसणार नाही. स्पेलिंग-विरामचिन्हांचे ४-४ मार्क शेक्सपिअर आणि आधुनिक नाटकाच्या निबंधालाच जोडलेले असतात, तेवढ्या दोन ठिकाणी शेवटी दोन मिनिटं वाचून घ्यायला सांगा.

मुलाला मॅथ्सला ८ आणि इंग्लिशच्या दोन्ही विषयांत ३ आला. कॉलेजने घेतलं पण इंग्लिश परत करावं लागेल म्हणाले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. दोन्ही परत द्यायचे का? – नाव नको

नाव नाही छापलं. दोन्ही नाही, लँग्वेज पुरे. नोव्हेंबरमध्ये परत घेतात ते मॅथ्स आणि इंग्लिश लँग्वेजच, लिटरेचर त्या वेळी नसतंच. नियम असा की सोळाच्या पुढे फुल-टाइम शिकताना इंग्लिशला ४ नसेल तर ते करत राहावं लागतं, कॉलेजला त्याच्यामागचे सरकारी पैसे त्या अटीवर मिळतात, तेव्हा कॉलेज शिक्षा करतंय असं त्याला वाटू देऊ नका. नोव्हेंबरला बसायचं तर नाव ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच जातं, उशीर करू नका. आणि आधी जुन्या शाळेला सांगून त्याच्या तपासलेल्या पेपरची स्कॅन कॉपी मागवा. मॅथ्सला ८ असलेल्या मुलाचं बहुतेक वेळा असं दिसतं की छोटे प्रश्न सगळे नीट आणि ४० मार्कांच्या लेखनात अर्धं पान. तसंच निघालं तर सहा आठवडे फक्त लेखन करा, बाकी हात लावू नका. घरात सांगून टाका हो, दर वर्षी हजारो मुलं परत बसतात.

सप्रेम नमस्कार. मी सांगलीस असतो. नात लेस्टरला. तिला इंग्रजीत एका विषयात ७ आणि दुसऱ्यात ६ मिळाले. सूनबाई फोनवर फार आनंदात होत्या, मला काही उमगेना. दहापैकी ७ म्हणजे सत्तर टक्के. आमच्या शेजारच्या मुलास दहावीला चौऱ्याण्णव होते. मी आनंद व्यक्त केला, पण मनातून खट्टू झालो. काय समजावे? तसेच तिथे मराठीचा पेपर असतो काय? – एक आजोबा, सांगली

आजोबा, नमस्कार. दहापैकी नाही हो, ९ हाच सगळ्यात वरचा, त्यावर काही नाही. आणि हे मार्कही नाहीत, टक्केही नाहीत, पायऱ्या आहेत. पूर्वी इथे ए, बी, सी असायचं, त्यातला जुना ए जिथे सुरू व्हायचा तिथे आता ७ सुरू होतो, आणि जुना सी जिथे सुरू व्हायचा तिथे ४. म्हणजे ४ ला पास धरतात, ५ ला चांगला पास. किती मार्कांना ७ द्यायचा हे पेपर तपासून झाल्यावर ठरतं, दर वर्षी थोडं खालीवर होतं. सगळे विषय धरले तर साधारण पाच निकालांतला एक ७ किंवा त्याच्या वर असतो. आणि तुमची नात घरी मराठी बोलत असेल तर ज्या पोरांच्या घरात पिढ्यानपिढ्या इंग्लिशच बोलतात त्यांच्याबरोबर बसून तिने हा ७ आणलाय. शेजारच्यांनी टक्के विचारले तर मात्र पंचाईत आहे, कारण सांगायला टक्के नाहीतच. सांगा, जुन्या भाषेत एकात ए आणि दुसऱ्यात वरचा बी.

मराठीचा पेपर नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूचं जीसीएसई आहे, आपलं नाही. लेस्टरला तिच्या वर्गातल्या गुजराती मैत्रिणी बहुतेक देत असतील तो पेपर. तुम्ही तिला महिन्यातून एक पत्र मराठीत पाठवा आणि उत्तरही मराठीतच मागा, शुद्धलेखनाचे मार्क कापू नका म्हणजे झालं.